तालमीतील धीर
(आकाशवाणीवरील भाषण)

निपाणीहून संकेश्वरमार्गे बेळगावकडे येणाऱ्या सडकेच्या दोन्ही अंगांना जी गावे आहेत, त्यांतील पुष्कळ गावांत मारुतीचे देऊळ आणि त्या देवळाच्या आसऱ्याला एखादी तालीम अजून आढळते. मराठी माणूस तिला तालीम म्हणतो, कानडी माणूस गरडी मने म्हणतो. आत गेल्यावर माती मात्र एकच असते. तांबडी, चाळलेली, ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस पिऊन मऊ झालेली. दाराशी वहाणा काढून, मातीला लावलेला हात कपाळी नेल्यावाचून कोणी हौदात पाऊल टाकीत नाही. अशा तालमीत पहिल्या दिवशी येणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा मी अनेकदा पाहिला आहे. त्याच्या डोळ्यांपुढे जत्रेतले मैदान असते, कानांत हलगीचा कडकडाट असतो, आणि ढाक, कलाजंग, धोबीपछाड ही नावे त्याला पाढ्यांसारखी पाठ असतात. वस्ताद पहिल्या दिवशी त्याच्या हाती एकच वस्तू देतात, ती म्हणजे खोरे. 'माती खण,' एवढेच सांगतात.

हाती खोरे आल्यापासून अंगी पहिला डाव येईपर्यंतचा जो लांबलचक काळ आहे, त्या काळात त्या मुलाने स्वतःशी कसे वागावे, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. दुसऱ्याला सांभाळून घ्यावे, दुसऱ्याच्या चुका पोटात घालाव्या, असा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतःला सांभाळून घ्यावे, असे मात्र सहसा कोणी सांगत नाही. उलट, स्वतःवर जो अधिक चिडतो तो अधिक निष्ठेचा विद्यार्थी, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज खोटा आहे. तो खोटा आहे हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझ्या उजव्या गुडघ्याने ते मला शिकविले आहे.

१९६८ सालची गोष्ट. निपाणी तेव्हा म्हैसूर राज्यात होती. त्या राज्याला कर्नाटक हे नाव १९७३ साली मिळाले. माझे वडील तंबाखूच्या एका वखारीत वजनकाट्यावर कामाला होते. मी पंधरा वर्षांचा होतो आणि घराजवळच्या तालमीत जाऊ लागलो होतो. आमचे वस्ताद साठीला टेकलेले, कान मोडलेले, बोलण्यास अत्यंत कंजूष असे गृहस्थ होते. बैठका ते कानडीत मोजीत, ओंदु, एरडु, मूरु. रागे भरत ते मराठीत. आणि शाबासकी कोणत्याच भाषेत देत नसत, नुसती पाठीवर थाप मारीत.

माझ्याच आठवड्यात तालमीत आलेला दुसरा एक मुलगा होता. वयाने, वजनाने माझ्याइतकाच. सरावाला माझी जोड त्याच्याशीच असे. वस्तादांनी आम्हां दोघांना एकाच संध्याकाळी एकेरी पट दाखविला. प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून त्याला खाली घ्यायचे, असा हा डाव. सांगायला अगदी सोपा. त्या मुलाला तो महिन्याभरात साधला. मला आठ महिने झाले तरी साधेना. मी हात घालावा आणि पाय तिथून निघून गेलेला असावा, हे रोजचेच झाले. मी दिवस मोजू लागलो. घरी आल्यावर जेवण गोड लागेना. वडिलांनी सहज जरी विचारले, 'काय रे, आज काय शिकलास?' तरी मला तो टोमणा वाटे.

मग मी एक उपाय काढला, आणि तो उपाय म्हणजे शिक्षा होती. रात्री सगळे निजल्यावर परसात जाऊन मी वस्तादांनी सांगितलेल्या बैठकांच्या दुप्पट बैठका मारू लागलो. मला वाटे, अंगाला त्रास झाला म्हणजे अंग वठणीवर येईल. दुसऱ्या महिन्यात उजवा गुडघा सुजला. मी तो लपविला. धोतराच्या फडक्याची पट्टी बांधून वरून लांब विजार घालू लागलो. चैत्रातल्या जत्रेत पाच रुपयांच्या कुस्तीसाठी माझे नाव पुकारले गेले, तेव्हा गुडघा दुखतो असे सांगण्याची मला लाज वाटली. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण आपण हसण्यावारी वापरतो. माझ्या बाबतीत ती अक्षरशः खरी झाली. खडाखडी सुरू झाली, मी पटात शिरण्यासाठी गुडघा मोडला आणि तो तसाच मोडून राहिला. मला दोघांनी उचलून बाहेर आणले. तो गुडघा पुढे पुष्कळ सुधारला. पण पूर्ववत झाला नाही. अजूनही मृगाचा पहिला पाऊस यायच्या आधी त्याची वर्दी मला तोच देतो.

वस्ताद रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते घरी आले, गुडघा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला, आणि म्हणाले, 'आरं, जोड बघून कुस्ती धरत्यात. तू आपल्याच अंगासंगं बिनजोडीची कुस्ती धरलीस. मग गुडघा मोडंल न्हाई तर काय हुईल?'

श्रोतेहो, आज इतक्या वर्षांनीही या वाक्याहून नेमके असे काही मला या विषयावर सांगता येणार नाही. मैदानात पंच दोन मल्लांची जोड पाहतात. वय, वजन, तयारी पाहतात. विषम जोड लागली तर प्रेक्षकच ओरड करतात. पण आपल्या मनाने आपल्याच शरीराशी मांडलेली कुस्ती कोणी पाहत नाही. मन पुढच्या वर्षीच्या मैदानात उभे असते, शरीर आजच्या मातीत असते. या दोघांची जोड लागणे शक्यच नसते, आणि मार खाण्याची पाळी नेहमी शरीरावर येते.

त्यानंतर सहा महिने वस्तादांनी मला हौदात उतरू दिले नाही. पण तालीमही चुकवू दिली नाही. कडेला बसून पाहायचे, असा त्यांचा हुकूम होता. पहिले काही दिवस मी केवळ स्वतःच्या दुर्दैवाचा विचार करीत बसलो. पुढे पुढे कंटाळून का होईना, पाहू लागलो. आणि एके दिवशी मला दिसले की, माझा तो सोबती पट काढताना हात सर्वांत शेवटी घालतो. आधी त्याचा गुडघा मोडतो, अंग खाली जाते, मग एक पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांच्या मध्ये पडते, खांदा त्याच्या मांडीला भिडतो आणि मगच हात पायाभोवती बसतो. मी आठ महिने लांबूनच हात लांब करीत होतो! वस्तादांनी हे मला शंभरदा सांगितले असले पाहिजे. परंतु स्वतःवर चिडलेल्या माणसाला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. त्याचे सारे लक्ष आपल्या अपमानाकडे असते. माझ्यात बळाची उणीव नव्हती. उणीव होती ती स्वस्थपणे पाहण्याची.

पुन्हा मातीत उतरल्यावर तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी माझा पट निघाला. टाळी कोणी वाजविली नाही. वस्तादांची थाप मात्र पाठीवर पडली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मी पुढे मोठा मल्ल झालो नाही. नारळाच्या आणि पाच-दहा रुपयांच्या कुस्त्यांपलीकडे माझी मजल गेली नाही. माझा तो सोबती माझ्या पुढेच राहिला. तेव्हा धीर धरला की सर्वांच्या पुढे जाता येते, असे आश्वासन मी कोणाला देणार नाही. धीराने एवढेच होते की, जे आपल्याला येण्यासारखे आहे ते येते, आणि ते येईपर्यंत आपण मोडून पडत नाही.

शरीराला विद्या इतकी सावकाश का येते, याचा विचार शास्त्रज्ञांनीही केला आहे. अमेरिकेत १८९७ आणि १८९९ साली ब्रायन आणि हार्टर या दोघा अभ्यासकांनी तारायंत्रावरचे संदेश घेण्यास शिकणाऱ्या माणसांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत त्यांना असे आढळले की, काही काळ प्रगतीची रेषा चढत जाते, मग आठवडेच्या आठवडे सपाट राहते आणि पुन्हा चढू लागते. त्यांनी याचा उलगडा असा केला की, आरंभी शिकणारा एकेक अक्षर ओळखतो. पुढे अक्षरे जुळून शब्द होतात, शब्द जुळून वाक्ये होतात. ही जुळणी आत चाललेली असताना बाहेर काही दिसत नाही. अशी पठारे प्रत्येक विद्येत आणि प्रत्येकाला लागतातच असे नाही. पुढील अभ्यासकांना ती सर्वत्र सापडली नाहीत. तथापि ज्याने तालमीत दोन वर्षे काढली आहेत, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. गुडघा, पाऊल, खांदा, हात ही माझी अक्षरे होती. त्यांचा शब्द व्हायला माझ्या बाबतीत दीड वर्ष लागले.

दुसरी गोष्ट शरीररचनेची. व्यायामाने स्नायू तुलनेने लवकर बळावतात. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा आणि सांध्यांना आवळून धरणारे बंध यांना रक्ताचा पुरवठा बेताचा; ते फार सावकाश बळावतात. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या मेहनतीने मांडी भरलेली दिसते आणि मुलाला वाटते, आता आपण तयार झालो. मांडी तयार असते, गुडघा नसतो. शिवाय दिवसा शिकलेली हालचाल अंगी मुरते ती पुष्कळशी झोपेत. मेहनतीनंतर मालीश, खुराक आणि लवकर निजणे हा जो जुन्या तालमींचा शिरस्ता होता, तो केवळ कर्मठपणा नव्हता. मी रात्री परसात ज्या बैठका मारीत होतो, त्या बैठका माझी झोप खात होत्या, म्हणजे माझी विद्याच खात होत्या.

आपल्या या भूमीला ही समज नवीन नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे एक प्रकरण आहे. त्यात मल्लांची वर्गवारी त्यांचे वय, शरीर आणि बळ पाहून केलेली आहे, आणि त्यांच्या व्यायामाचा व आहाराचाही विचार आहे. सर्व मल्लांना एकाच मापाने मोजू नये, हे आठशे वर्षांपूर्वी कळलेले शहाणपण आपण आपल्या स्वतःच्या बाबतीत मात्र विसरतो.

आता मोठ्यांची उदाहरणे पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती अपरिचित होती. नियमही निराळे होते. त्यांना सहावा क्रमांक मिळाला. एखादा म्हणाला असता, आपले नशीबच खोटे. दुसरा म्हणाला असता, आपण कुचकामाचे. खाशाबांनी पुढची चार वर्षे मेहनतीत घालविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांच्या प्रवासासाठी ७,००० रुपये उभे केले, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण सारे १९५२ हे साल पाठ करतो. मला मात्र १९४८ आणि १९५२ यांच्या मधल्या त्या चार वर्षांबद्दल अधिक आदर वाटतो.

आपल्या सीमाभागातले उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. चिक्कोडी तालुक्यातील एकसंबा या गावी १९३४ साली जन्मलेले श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ साली दिल्लीत बंतासिंग या मल्लाला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. २०२० साली ते निवर्तले. त्यांच्या त्या एका कुस्तीची हकीकत जुनी माणसे अजून रंगवून सांगतात. परंतु एकसंब्याच्या मुलाने दिल्लीच्या त्या दिवसापूर्वी किती पहाटे माती खणली असेल आणि किती वेळा पाठीला माती लागून उठला असेल, याची बखर कोणी लिहिलेली नाही. ती कोणाचीच लिहिली जात नाही. म्हणूनच नव्या मुलाला वाटते की, मोठे मल्ल कधी पडतच नसावेत, पडणारे आपणच काय ते एकटे.

आणि आता ही विद्या केवळ मुलांची राहिलेली नाही. बेळगावजवळच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव या शेतकऱ्याच्या मुलीने २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कुराश या प्रकारात ५२ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविले. कुराश ही मूळची मध्य आशियातली, उभ्याने खेळावयाची कुस्ती. आणि मलप्रभा यांचा पाया होता ज्युदोचा. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची शाळा काढली. त्या विद्येत पाडायला शिकण्याच्या आधी पडायला शिकवितात. अंग कसे सैल सोडावे, मान कशी सांभाळावी, हाताने जमिनीवर थाप देऊन पडण्याचा धक्का कसा पसरावा, याचा धडा पहिला. काळा पट्टा मिळाला म्हणजे विद्या संपली असे आपल्याला वाटते. जपानी भाषेत त्या पहिल्या श्रेणीच्या नावाचा अर्थ केवळ 'पहिली पायरी' असा आहे. एरवी किती दूरच्या या दोन विद्या! पण आमच्या वस्तादांचे खोरे आणि कानो यांचा पडण्याचा धडा यांत फारसे अंतर नाही.

येथे कोणी विचारील, स्वतःला इतके सांभाळून घ्यायचे ठरविले तर मुले आळशी होणार नाहीत काय? शंका रास्त आहे. धीर आणि ढिलाई या दोन गोष्टी लांबून सारख्या दिसतात. फरक ओळखण्याची खूण एकच आहे: धीर धरणारा रोज तालमीत येतो. पाऊस असो, परीक्षा असो, कालची कुस्ती हरलेली असो, तो येतो. ढिला माणूस आज येत नाही. उतावळा माणूस आज दुप्पट येतो आणि महिन्याने येईनासा होतो.

उतावळेपणाने आज एक नवे आणि भयंकर रूप घेतले आहे. चार महिन्यांत अंग भरवून देतो असे सांगून औषधे आणि सुया विकणारे लोक होतकरू मुलांच्या आसपास घोटाळतात. ही औषधे हृदयाला, यकृताला आणि वाढत्या वयातल्या शरीराच्या घडणीला अपाय करतात, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद दाखविले आहे. माझ्या वेळी उतावळेपणाची किंमत एक गुडघा होती. आज ती त्याहून पुष्कळ मोठी असू शकते. ज्या मुलाला आपल्या संथ शरीराची लाज वाटते, तोच मुलगा या सुयांना बळी पडतो. म्हणून स्वतःशी धीराने वागण्यास शिकविणे ही गोड बोलण्याची बाब नव्हे, ते मुलाच्या जिवाचे रक्षण आहे.

मग करावे काय? माझ्या अनुभवाचे दोन-चार शब्द सांगतो. एका हंगामात एकच डाव धरावा आणि त्याची तोडही त्याच्याबरोबर शिकावी. आपली तुलना शेजारच्या पठ्ठ्याशी न करता आपल्या मागच्या महिन्याशी करावी. गेल्या महिन्यात ज्या पकडीत आपण लगेच चीत होत होतो, तीत आज चार श्वास टिकलो काय, हे पाहावे. दुखापत त्याच दिवशी वस्तादांना सांगावी. सांगणारा भित्रा नव्हे, लपविणारा भित्रा. आपल्याहून लहान मुलाला खेळवावे. त्याची चूक पाहताना आपल्याला राग येत नाही, उलट कौतुक वाटते, आणि मग तेच कौतुक थोडेसे आपल्याही वाट्याला ठेवावेसे वाटू लागते. आणि आईबापांना एक विनंती आहे. मूल तालमीतून आले म्हणजे 'किती कुस्त्या मारल्यास?' असे विचारू नये. 'भूक लागली का?' असे विचारावे. तेवढे पुरते.

हल्ली संध्याकाळी मी पुन्हा तालमीच्या कडेला जाऊन बसतो. माझी नात तेथे जाते. आता मातीच्या हौदाशेजारी गादीही आली आहे आणि मुलींची वेळ वेगळी ठरली आहे. परवा ती लागोपाठ तिसऱ्यांदा पाठीवर पडली, आणि उठताना तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत तो राग मी ओळखला. पंधराव्या वर्षी निपाणीत मी तोच बाळगला होता. ती जवळ आली तेव्हा मी तिला उपदेश केला नाही. एवढेच म्हटले, 'बाळ, बैस जरा. समोरची पट काढते आहे, तिचा हात कधी जातो ते बघ.' ती बसली. बराच वेळ आम्ही दोघे पाहत होतो. मग ती म्हणाली, 'आजोबा, हात नंतर जातो.' आणि पाठीची धूळ न झटकताच पुन्हा आत गेली.

त्या संध्याकाळीही तिचा पट निघाला नाही. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी दाराशी उभी होती.